पार्श्वसंगीताचे मोल

चित्रपट हा मुंबईच्या मराठी वस्तीत केवळ पाहण्याचा विषय कधीच नव्हता. तो नेहमीच बोलण्याचाही विषय होता. गिरगावातील चाळींच्या गॅलऱ्यांत, लालबाग-परळच्या नाक्यांवर आणि दादरला शिवाजी पार्कच्या कठड्यावर चित्रपटांविषयी जेवढे वाद झाले असतील, तेवढे देशाच्या अर्थसंकल्पाविषयी खचितच झाले नसतील. ह्या चर्चेचे स्वरूप मात्र अलीकडे पालटले आहे. पूर्वी बोलणे नटनट्यांचे आणि गाण्यांचे असे. आजचा महाविद्यालयीन विद्यार्थी एखाद्या परदेशी चित्रपटमालिकेच्या सातव्या-आठव्या भागाविषयी बोलताना त्यातील पार्श्वसंगीताचीही चिकित्सा करतो. कोणत्या पात्राच्या आगमनाला कोणती सुरावट येते, आधीच्या भागात ती कशी होती, आता तिच्यात काय फरक केला आहे, हे तो बारकाईने सांगतो. जॉन विल्यम्स आणि हान्स झिमर ही नावे त्याला आपल्या प्राध्यापकांच्या नावांइतकीच परिचित असतात, क्वचित अधिकच.

ही रसिकता स्वागतार्ह आहे. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, जी कला हे तरुण परदेशी चित्रपटांत शोधतात, तीच कला ज्या माणसाने ह्याच परळमध्ये बसून वर्षानुवर्षे साधली, त्याचे नाव ह्या चर्चेत का येत नाही? तो माणूस म्हणजे संगीतकार वसंत देसाई. त्यांनी चाली दिलेल्या दोन प्रार्थना देशातील अनेक शाळांत म्हटल्या जातात. त्यांच्या संगीतात नटलेली होनाजी बाळाची भूपाळी मराठी घरांत पहाटेची खूण होऊन बसली आहे. तरीही पार्श्वसंगीतकार म्हणून त्यांनी जे काम केले, त्याची मोजदाद त्यांचे चाहतेसुद्धा करीत नाहीत. देसाईंचे चरित्र पुन्हा एकदा वाचले पाहिजे ते ह्यासाठी. एखाद्या श्रमाचे मोल समाज कसे ठरवतो आणि कोणत्या श्रमाचे मोल ठरवायचे विसरून जातो, ह्याचा तो एक वस्तुपाठ आहे.

हरकाम्या ते संगीतकार

वसंत देसाईंचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळजवळच्या सोनवडे गावी झाला. हा मुलूख तेव्हा सावंतवाडी संस्थानात मोडत असे. दशावतार आणि भजन ही त्या मातीची नित्याची करमणूक. नाट्य आणि संगीत तेथे वेगळे काढता येत नाही. कोल्हापुरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि सतरा-अठरा वर्षांचा हा तरुण तेथे दाखल झाला. प्रभातमध्ये त्या काळी कामाची वाटणी आजच्यासारखी रेखीव नव्हती. देसाई हरकाम्या म्हणून राबले, १९३० च्या ‘खुनी खंजीर’ ह्या मूकपटात पडद्यावर दिसले आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट झाला तेव्हा गायलेही. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव ह्या तीन थोर संगीतकारांच्या हाताखाली त्यांना शिकायला मिळाले. ही उमेदवारी दहा-बारा वर्षे चालली.

ह्या उमेदवारीचे महत्त्व केवळ रागदारीच्या शिक्षणात नाही. १९३३ साली पुण्याला गेलेली प्रभात ही संस्था ध्वनीचा विचार गंभीरपणे करणारी होती. १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांतारामबापू आणि केशवराव भोळे ह्यांनी रूढ पार्श्वसंगीत जवळजवळ टाळले आणि घरातल्या व रस्त्यावरल्या स्वाभाविक आवाजांतून प्रसंगांचा परिणाम साधला. संगीत कोठे घालावे ह्याहून ते कोठे घालू नये, हे कळणे अवघड असते. हा धडा देसाईंनी तरुण वयात घरच्या घरी पाहिला. पुढे त्यांच्या कामात जो संयम दिसतो, त्याचे मूळ बहुधा येथेच आहे.

परळचा कारखाना

१९४२ साली व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळ येथे, पूर्वीच्या वाडिया मूव्हीटोनच्या जागेत, त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. वडील राजाराम आणि आई कमला ह्यांच्या नावांवरून संस्थेला नाव दिले. वसंत देसाईही त्यांच्याबरोबर आले. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ १९४३ साली मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात लागला आणि तेथे १०४ आठवडे चालला. आज चित्रपटाचे यश पहिल्या तीन दिवसांच्या गल्ल्यावर मोजतात. तेव्हा ते आठवड्यांवर मोजत. दोन वर्षे एकाच पडद्यावर टिकणे म्हणजे तेच ते प्रेक्षक पुन्हा पुन्हा येणे. अशा पुनरागमनात संगीताचा वाटा केवढा असतो, हे सांगण्याची गरज नाही.

राजकमल हे गिरणगावात होते ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. आजूबाजूला भोंगे, पाळ्या आणि हजेरी; आणि आत, चित्रपटाच्या कारखान्यातही, पाळ्या आणि हजेरीच. वादकांचा हिशेब शिफ्टवर होई. पार्श्वसंगीताच्या ध्वनिमुद्रणाची पद्धत तर एखाद्या यंत्रशाळेला शोभेल इतकी काटेकोर होती. संकलित झालेला चित्रपट संगीतकारासमोर रिळारिळाने दाखवला जाई. ३५ मिलिमीटरची ध्वनिपटाची फीत मिनिटाला ९० फूट ह्या वेगाने धावते. म्हणजे हजार फुटांचे एक रीळ सुमारे अकरा मिनिटांचे. दार उघडल्यापासून नायिका वळून पाहीपर्यंत किती फूट होतात, एवढ्या फुटांत किती मात्रा बसतात, संवाद सुरू होण्यापूर्वी वाद्ये कोठे ओसरली पाहिजेत, हे सगळे हिशेब करून सुरावट बांधायची. मग पडद्यावर ते रीळ पुन्हा चालवून वादकांनी त्याबरोबर वाजवायचे. एक चूक झाली की सारे पहिल्यापासून. गाणे आधी बसते आणि चित्रण त्याच्यामागून जाते. पार्श्वसंगीताचे उलट आहे. तेथे चित्र आधी पक्के झालेले असते आणि संगीताला त्याच्या मापात राहावे लागते. स्वतःकडे लक्ष वेधून न घेता दुसऱ्याचे काम उठावदार करणे हा ह्या कलेचा धर्म आहे, आणि तिच्या उपेक्षेचे कारणही तेच आहे.

ह्या मापात राहून देसाईंनी किती तऱ्हा हाताळल्या ते पाहावे. १९४६ सालच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ची कथा सोलापूरच्या एका डॉक्टरला थेट चीनच्या रणभूमीवर नेते. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’त पेशवाईच्या अखेरच्या काळातील फडाची लावणी आहे. १९५१ च्या ‘अमर भूपाळी’त होनाजीची पहाट आहे, हा चित्रपट १९५२ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. १९५३ साली आचार्य अत्रे ह्यांच्या ‘श्यामची आई’ला संगीत देसाईंचेच होते, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. चीन, पेशवाई आणि कोकणातले एक गरीब घर: तिन्ही ठिकाणी एकच माणूस काम करतो आहे, अशी शंका ऐकणाऱ्याला येत नाही.

१९५५ चा ‘झनक झनक पायल बाजे’ हा त्या दशकातील प्रचंड गाजलेल्या चित्रपटांपैकी एक. रंगीत, नृत्यप्रधान, शास्त्रीय संगीतावर उभा असलेला. त्याच्या शीर्षकगीतासाठी देसाईंनी उस्ताद अमीर खाँ ह्यांना गायला लावले. तबल्यावर बनारसचे पंडित सामताप्रसाद होते. आणि जम्मूकडून आलेल्या शिवकुमार शर्मा नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतात संतूर वाजवले. ज्या वाद्याचे नाव तेव्हा मुंबईत फारसे कोणाला ठाऊक नव्हते, ते पार्श्वसंगीताच्या मार्गाने लाखो कानांपर्यंत पोहोचले. ह्या चित्रपटाला फिल्मफेअरचे उत्कृष्ट चित्रपटाचे व दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. संगीताचे मिळाले नाही. देसाईंना ते आयुष्यात कधीच मिळाले नाही. पार्श्वसंगीतासाठी फिल्मफेअरने स्वतंत्र पारितोषिक सुरू केले ते १९९८ साली, म्हणजे देसाईंच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

१९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा तर व्यापाराच्या रूढ गणितात न बसणारा चित्रपट. सहा कैदी, एक तुरुंगाधिकारी आणि एक ओसाड माळ. मूळ प्रेरणा औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त कारागृहाची. त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आणि १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. भरत व्यासांनी लिहिलेली आणि लताबाईंनी गायिलेली त्यातील प्रार्थना चित्रपटातून निघून शाळांत गेली आणि तेथेच राहिली.

एकच ग्राहक

येथे देसाईंच्या आयुष्यातील एका वळणाकडे अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मी लक्ष वेधू इच्छितो. बाजारात विकणारे अनेक आणि घेणारा एकच असला की किंमत घेणाऱ्याच्या मर्जीवर ठरते. एका संस्थेशी आयुष्य बांधून घेतलेल्या कलावंताची स्थिती अशीच असते. त्याला स्थैर्य मिळते, प्रयोगाला वाव मिळतो, चांगली साधने मिळतात; देसाईंना राजकमलमध्ये हे सारे मिळाले आणि त्यांचे ऋण नाकारणे अन्यायाचे होईल. पण १९५९ साली शांतारामबापूंनी ‘नवरंग’चे संगीत सी. रामचंद्र ह्यांच्याकडे सोपवले, आणि सत्तेचाळीस वर्षांचे देसाई खुल्या बाजारात उभे राहिले.

त्याच वर्षी विजय भट्ट ह्यांचा ‘गूँज उठी शहनाई’ आला. सनईवादकाच्या जीवनावरचा हा चित्रपट. सनई खुद्द उस्ताद बिस्मिल्ला खाँ ह्यांची. तो चांगलाच चालला. राजकमलबाहेरही हा माणूस उभा राहू शकतो, हे सिद्ध झाले. परंतु हिंदी चित्रपटाचा व्यापार तोवर मोठ्या वाद्यवृंदाकडे आणि पाश्चात्त्य ठेक्याकडे झुकला होता. देसाईंकडे पौराणिक चित्रपट अधिक येऊ लागले. एकदा एखाद्या कारागिरावर शिक्का बसला की त्याला तेच काम मिळत राहते; हा नियम गिरणीत जितका खरा, तितकाच स्टुडिओत. पुढे ‘इये मराठीचिये नगरी’च्या निमित्ताने ते शांतारामबापूंकडे परतलेही. मधल्या काळात त्यांनी रंगभूमीची मनःपूर्वक सेवा केली. ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’, ‘देव दीनाघरी धावला’ ह्या नाटकांची पदे आजही गायली जातात. १९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी ह्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात कांची कामकोटी पीठाच्या शंकराचार्यांनी रचलेले विश्वमैत्रीचे संस्कृत स्तोत्र गायले. त्याची चाल देसाईंची होती. तो गौरव सुब्बुलक्ष्मींचा झाला आणि तो योग्यच होता. चाल कोणाची, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

ह्याच काळात त्यांच्या पार्श्वसंगीताची खरी कसोटी पाहणारे दोन चित्रपट आले. १९६४ च्या ‘यादें’मध्ये पडद्यावर सुनील दत्त हा एकच नट आहे. दुसरे माणूस समोर नसताना चित्रपटभर प्रेक्षकाला बसवून ठेवायचे म्हणजे उरलेली पात्रे आवाजाने आणि संगीताने उभी करायची. १९७३ च्या गुलजारांच्या ‘अचानक’मध्ये एकही गाणे नाही. गाणे हेच ज्या व्यवसायात संगीतकाराचे चलन, तेथे गाण्यांवाचून चित्रपट स्वीकारणे म्हणजे बिनपगारी प्रतिष्ठा स्वीकारण्यासारखेच होते. देसाईंनी ती स्वीकारली.

एका चाहतीची गोष्ट

१९७१ साली आलेल्या हृषीकेश मुखर्जींच्या ‘गुड्डी’चा उल्लेख मुद्दाम शेवटी करीत आहे. ह्या चित्रपटाला संगीत देसाईंचे आणि कथा एका शाळकरी चाहतीची. धर्मेंद्र ह्या नटावर ती जीव टाकते. तिचा भ्रम उपदेशाने नव्हे, तर तिला स्टुडिओत नेऊन दूर केला जातो. पडद्यावरचे देखणे जग कोणाच्या घामावर उभे आहे, कोण दिवे ओढतो, नायकाच्या जागी कोण उडी मारतो, हे तिला दिसते आणि तिची दृष्टी प्रौढ होते. वाणी जयराम ह्या नव्या गायिकेला देसाईंनी ह्या चित्रपटातून हिंदीत आणले, आणि तिने गायिलेली, गुलजारांनी लिहिलेली प्रार्थना देसाईंची शाळांतील दुसरी प्रार्थना ठरली.

‘गुड्डी’चा बोध चाहत्यांच्या विरोधात नाही. चाहत्याने पडद्यामागे पाहावे, एवढेच तो सांगतो. त्या चित्रपटाच्या स्टुडिओत सगळे श्रमिक दिसतात. जो दिसत नाही, तो पार्श्वसंगीतकार. तो फक्त ऐकू येतो.

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत एका इमारतीतील लिफ्टच्या अपघातात वसंत देसाईंचा मृत्यू झाला. वय त्रेसष्ट. त्याच वर्षी अमेरिकेत ‘जॉज’ प्रदर्शित झाला होता आणि दोन स्वरांच्या पुनरावृत्तीतून भीती उत्पन्न करणाऱ्या जॉन विल्यम्स ह्यांचे नाव जगभर होत होते. दोघांच्या कौशल्याची तुलना करण्याचा माझा अधिकार नाही. पण दोघांच्या कामाच्या नशिबाची तुलना करता येते. विल्यम्स ह्यांच्या पार्श्वसंगीताच्या तबकड्या निघाल्या, स्वरलिपी छापल्या गेल्या, वाद्यवृंद ते रंगमंचावर वाजवू लागले. आपल्याकडे तबकडी निघे ती गाण्यांची. पार्श्वसंगीत स्वतंत्रपणे विकले गेले नाही, म्हणून त्याला किंमत आली नाही. आणि किंमत आली नाही म्हणून ते जपले गेले नाही.

मोल आणि किंमत

अ‍ॅडम स्मिथने पाण्याचे आणि हिऱ्याचे कोडे मांडले होते. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याला भाव नाही. हिऱ्यावाचून काहीच अडत नाही, तरी त्याला भाव आहे. चित्रपटातील गाणे हा हिरा आणि पार्श्वसंगीत हे पाणी. बाजार हिरा जपतो. पाणी जपण्याचे काम समाजाला आणि कायद्याला करावे लागते.

कायद्याने हे काम फार उशिरा केले. देसाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १९७७ साली, सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करवून घेतले असेल आणि उलट करार नसेल, तर त्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. संगीतकाराच्या वाट्याला एकरकमी बिदागी. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतील समान वाट्याचा अविभाज्य हक्क मिळाला. पण चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर होणारा वापर त्यातून वगळण्यात आला. गाण्याचे आयुष्य चित्रपटगृहाबाहेरचे असते, म्हणून गाण्याला ह्या दुरुस्तीचा लाभ भरपूर. पार्श्वसंगीताचे पहिले आणि मुख्य घर चित्रपटगृहच. तेथे त्याच्या कर्त्याला काही नाही. दूरदर्शन वाहिन्यांवर आणि घरबसल्या चित्रपट दाखवणाऱ्या नव्या माध्यमांवर होणाऱ्या वापराचा वाटा मिळू शकतो, परंतु त्यासाठी कोणत्या प्रसंगाचे संगीत कोणाचे, ह्याची नोंद असावी लागते. ज्या व्यवसायात वादकांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच लिहिली गेली, तेथे अशा नोंदी कोठून येणार?

जपणुकीची कथा ह्याहून चिंताजनक आहे. संवाद, संगीत आणि इतर आवाज ह्यांचे मिश्रण झाले की ते एकाच पट्टीवर एकजीव होतात. संगीताची वेगळी फीत राखली नसेल, तर ते पुन्हा निखळ मिळणे कठीण. राजकमलमध्ये मंगेश देसाईंसारखे ध्वनिमिश्रणाचे असामान्य तंत्रज्ञ होऊन गेले. ‘शोले’च्या मिश्रणाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्या हातून गेलेल्या फितींची यादी आज विद्यार्थ्याला कोठे पाहायला मिळेल? पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि प्रभातच्या काळातील नायट्रेट फितींचा अमोल ठेवा जळाला. ज्या संस्थेत वसंत देसाई घडले, तिच्या स्मृतींचा एक भाग त्या आगीत गेला. जे उरले आहे तेही आपोआप टिकणार नाही.

काय करता येईल? मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत संगीत शिकवले जाते आणि माध्यमशास्त्रही. ह्या दोहोंनी मिळून देसाईंच्या पाच-सहा चित्रपटांच्या पार्श्वसंगीताची प्रसंगवार नोंद आणि स्वरलिपी तयार करावी. संगणकाच्या नव्या तंत्राने मिश्र पट्टीतून संगीत काही अंशी वेगळे काढता येते. ‘यादें’ आणि ‘अचानक’ ह्यांवर हा प्रयोग आधी व्हावा. राज्य शासन चित्रपटांना अनुदान देते. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक निर्मात्याला संगीताची वेगळी पट्टी आणि वादकांची नामावली संग्रहालयात जमा करणे बंधनकारक करावे. ह्या अटीचा खर्च चित्रपटाच्या जाहिरातखर्चाच्या मानाने नगण्य आहे. आणि शाळांनी निदान एवढे करावे की, सकाळी जी प्रार्थना मुलांकडून म्हणवून घेतात, तिच्या कवीचे व संगीतकाराचे नाव फळ्यावर लिहावे.

उरला प्रश्न तरुण चाहत्यांचा. पार्श्वसंगीत ऐकायला कान लागतो, आणि तो कान त्यांनी तयार केला आहे. आमच्या पिढीने गाणी पाठ केली. मधले संगीत आम्ही ऐकले पण ऐकले असे नोंदले नाही. परदेशी मालिकेतील एका सुरावटीचा माग आठ चित्रपटांतून काढणाऱ्या विद्यार्थ्याला ‘दो आँखें बारह हाथ’मधील एकेक प्रसंग तसाच तपासणे मुळीच अवघड नाही. ती यादी व्यापारी करणार नाहीत, कारण तिला गिऱ्हाईक नाही; सरकार कदाचित करील, पण सावकाश. ती आवडीने करणाऱ्यांनीच करावी लागेल, आणि ज्यांनी त्या वाद्यवृंदांत वाजवले त्यांच्यापैकी काहीजण हयात आहेत तोवर ती सुरू झाली पाहिजे.